अंगणातलं पान, डब्यातली गोळी

ती कुंडी मीच दिली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मला सोपं जाईल.

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सात-आठ वर्षांपासून शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. गोळीचा त्यांना मनापासून कंटाळा. "अगं, एकदा लागली की जन्माची. आणि किडनी खाते ती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीनं 'इन्सुलिनचं झाड' आणलं. जिन्यासारखी गोल गोल वळत वर चढणारी पानं, शेंड्याला केशरी फूल. "रोज सकाळी अनशापोटी दोन पानं चावायची, शुगर गायब!" मी दोन कांड्या मागून घेतल्या. एक माझ्या अंगणात लावली आणि दुसरी कुंडीत लावून हौसेनं जाऊबाईंना दिली.

लाल कांद्याची काढणी सुरू झाली. मजूर मिळेनात, म्हणून जाऊबाई स्वतः शेतात उभ्या राहिल्या. चपलेचा पट्टा बोटाला घासला आणि जखम झाली. शुगरमुळे पायाची जाणीव आधीच कमी झालेली, त्यामुळे त्यांना ती कळलीच नाही. आठवड्यानं सुनेनं पाय पाहिला तेव्हा बोट काळं पडलं होतं. तातडीनं नाशिक गाठलं. साखर चारशेच्या वर. "गोळ्या घेत होता ना?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर जाऊबाईंनी मान खाली घातली. चार महिने गोळ्या बंद होत्या. घरी कुणाला पत्ता नाही. डब्यात गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी, आणि कुंडीतल्या झाडाला मात्र खालून एकही पान शिल्लक नाही!

एक बोट काढावं लागलं. पाय वाचला, हे नशीब.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. चूक पानाची होती का? की पानावर विश्वास ठेवणाऱ्या जाऊबाईंची? की नीट काही न विचारता कुंडी देणाऱ्या माझी? मी काही डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली, घर सांभाळून चार बायकांची कामं करणारी बाई. पण वाचता येतं, विचारता येतं. गेलं वर्षभर तेच केलं. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट. 'इन्सुलिनच्या झाडा'त इन्सुलिन नसतं. ते नुसतं लोकांनी ठेवलेलं नाव. झाड मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेकडचं, आपल्याकडे शोभेसाठी आलेलं. आणि समजा, पानात इन्सुलिन असतं, तरी चावून उपयोग झाला नसता. इन्सुलिन हे प्रथिन आहे. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. म्हणून तर ते टोचून घ्यावं लागतं. या पानात साखरेवर परिणाम करणारं दुसरं काही असू शकतं, उंदरांवरचे प्रयोगही झालेले आहेत. पण उंदरावरचा प्रयोग म्हणजे जाऊबाईंवरचा प्रयोग नव्हे.

दुसरी गोष्ट वाचली तेव्हा मला रडू आलं. जाऊबाईंनी जी गोळी 'केमिकल' म्हणून बंद केली होती, ती म्हणजे मेटफॉर्मिन. या गोळीचं मूळही एका झाडातच आहे! युरोपात गॅलेगा नावाची जांभळ्या फुलांची, शेंगा येणारी वनस्पती आहे. तिथल्या घरगुती औषधांत तिचा वापर जुना. तिच्यातल्या द्रव्यानं साखर उतरते हे पुढे कळलं, पण ते द्रव्य विषारी निघालं. ही वनस्पती खाऊन मेंढ्या मरतात. मग त्याच कुळातली, पण माणसाला सोसेल अशी द्रव्यं शोधत शोधत शास्त्रज्ञ मेटफॉर्मिनपर्यंत पोचले. फ्रान्समधल्या झाँ स्टर्न या डॉक्टरांनी १९५७ मध्ये रुग्णांवरच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभर कोट्यवधी लोक ती घेतात. म्हणजे जाऊबाईंनी एका झाडासाठी दुसऱ्या झाडाची नात घराबाहेर काढली. फरक एवढाच, की नातीची परीक्षा झालेली होती आणि कुंडीतल्या पानाची झालेली नव्हती.

राहिली किडनी. शुगरच्या माणसाची किडनी बहुतेक वेळा बिघडते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं. किडनी आधीच अधू असेल तर डॉक्टर गोळी कमी करतात किंवा बदलतात, त्यासाठीच रक्त तपासायला सांगतात. पण दोष गोळीवर ढकलणं आपल्याला सोपं वाटतं. गोळी डोळ्यांना दिसते, साखर दिसत नाही!

आता आपल्या सगळ्यांच्या अंगणातलं झाड घ्या. सदाफुली. लासलगावात असं दार दाखवा की जिथं गुलाबी नाहीतर पांढरी सदाफुली नाही. तिची पानं-फुलं शुगरवर चालतात असं सांगणारी एक तरी आजी गल्लीत सापडतेच. हीच समजूत हजारो मैलांवरच्या जमैका बेटावरही होती. तिथले लोक या पानांचा चहा शुगरसाठी प्यायचे. १९५२ मध्ये कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे जमैकाहून एक पाकीट आलं. आत सदाफुलीची पंचवीस पानं. त्यांनी ती आपल्या संशोधक भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली.

रॉबर्ट यांनी अर्क करून उंदरांना पाजला. साखरेवर काही परिणाम नाही. मग टोचून पाहिला, तर उंदीर आठवड्याभरात जंतुसंसर्गानं मरायला लागले. दुसरा कुणी असता तर पानं फेकून मोकळा झाला असता. यांनी शोधलं, की उंदीर मेले का? तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झालेल्या. मग त्यांच्या मनात आलं, रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात, तिथं हे चाललं तर? चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्यांनी पानातून ते द्रव्य वेगळं काढलं आणि १९५८ मध्ये जाहीर केलं. त्याचं नाव व्हिनब्लास्टिन. याच पानांतून पुढे व्हिनक्रिस्टिन मिळालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर जी औषधं एकत्र देतात, त्यातलं हे एक महत्त्वाचं औषध. आजही देतात.

बघा हं, पान शुगरसाठी आलं होतं. परीक्षेत त्या विषयात नापास झालं आणि ज्या विषयाचा कुणी विचारही केला नव्हता त्यात पहिलं आलं. ही परीक्षा झाली नसती तर? जमैकातले लोक चहा पीत राहिले असते, आपण पानं चावत राहिलो असतो आणि कितीतरी लेकरं वाचायची राहून गेली असती. आणखी एक ध्यानात घ्या. जे पान कर्करोगाच्या पेशी मारतं, ते 'नुसतं पान, त्यानं काय होतंय' असं कसं म्हणायचं? दवाखान्यात हे औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्ताची तपासणी करत शिरेतून देतात. आणि आपण सकाळी चार पानं तोडून तोंडात टाकतो!

याचा अर्थ आज्यांचं ज्ञान खोटं, असा मुळीच नाही. इंग्लंडमध्ये अडीचशे वर्षांपूर्वी खेड्यातल्या एका म्हातारीकडे अंगावरच्या सुजेचं घराण्यातलं औषध होतं, वीसेक वनस्पतींचं. विल्यम विदरिंग या डॉक्टरांच्या कानावर ते आलं. त्यांनी ओळखलं, की खरं काम करतंय ते एकच पान, डिजिटॅलिसचं. मग दहा वर्षं दीडशेहून जास्त रुग्णांवर त्यांनी ते पान वापरलं. किती दिलं, काय झालं, कोण बरं झालं, कुणाला उलट्या झाल्या, कोण गेलं, सगळं लिहून ठेवलं आणि १७८५ मध्ये पुस्तक काढलं. यश आलेले तेवढेच रुग्ण त्यांनी निवडून घेतले नाहीत, फसलेलेही लिहिले. हृदयविकारावरचं डिजॉक्सिन हे औषध याच जातीच्या झाडाचं. औषध म्हातारीचं, वही डॉक्टरांची. दोन्ही हवं होतं. तिचं नाव मात्र कुणी धड लिहून ठेवलं नाही, ही खंत आहेच.

आपल्याकडे असं काही झालं नाही का? झालंय, आणि आपल्या मुंबईत झालंय. केईएम रुग्णालयात औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदातल्या औषधांची आधुनिक पद्धतीनं तपासणी करायचं काम उभं केलं. 'फुलवा' पुस्तकामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणींना त्या ठाऊक असतील. झाडांवर जीव असलेली ही बाई 'आपल्या ग्रंथात लिहिलंय ना, मग झालं' असं म्हणाली नाही. शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गुळवेलीची चाचणी केली. पित्तनलिकेत गाठ होऊन कावीळ झालेल्या तीस रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि वर गुळवेलीचा अर्क. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एक शब्द सोडू नका, 'नेहमीचे उपचार आणि वर'. गुळवेलीसाठी तिथं कुणाचंही औषध बंद केलं नव्हतं.

आता त्याच गुळवेलीची दुसरी बाजू. २०२० मध्ये कोरोना आला आणि घराघरात काढे उकळायला लागले. मीही उकळले. गुळवेलीच्या कांड्या बाजारात जुडीनं विकल्या जात होत्या. किती घ्यायची, किती दिवस घ्यायची, कुणाला विचारायचं? २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयानं तेव्हा खुलासा केला, की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात चुकून घेतली गेली असेल. पुढे २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं, की खऱ्या गुळवेलीनंही काहींना असा त्रास होऊ शकतो, विशेषतः ज्यांची रोगप्रतिकारशक्ती मुळातच स्वतःच्या शरीरावर उलटण्याकडे झुकलेली असते त्यांना. वाद वैद्य-डॉक्टर सोडवतील. पण आपल्यासारखीनं दोन्ही बाजूंतून एकच धडा घ्यायचा. वेल तीच, पण तीस रुग्णांत मोजून दिलेली वेगळी आणि पातेल्यात अंदाजानं उकळलेली वेगळी.

मैत्रिणींनो, 'परीक्षा' म्हटलं की आपल्याला वाटतं, हे मोठ्या प्रयोगशाळेचं काम. पण लासलगावच्या बाईला परीक्षा शिकवायची गरज आहे का हो? कांद्याचं नवीन बी आणलं तर कुणी लगेच दोन एकरात टाकतं का? आधी एक वाफा. शेजारच्या वाफ्यात जुनं बी. दोन्हींना तेच पाणी, तेच खत. मग म्हणायचं कोणतं सरस. नव्या बियाला जास्त पाणी दिलं आणि मग 'बघा कसं फुगलं' म्हटलं, तर शेजारी हसतील. आपल्याच गावात भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प आहे, कांद्याला किरण देऊन मोड थांबवण्याचा. तिथं किती मात्रा द्यायची, कमी पडली तर काय, जास्त झाली तर काय, हे सगळं आधी तपासलेलं असतं. २००७ मध्ये अमेरिकेला आंबा गेला तोही इथूनच किरण देऊन, मोजून मापून. कांद्याला, आंब्याला एवढी परीक्षा, आणि घरातल्या बाईच्या पोटात जाणाऱ्या पानाला काहीच नाही?

औषधाच्या चाचणीतही तेच वाफे असतात. झाड नक्की कोणतं, कारण एकाच नावानं चार गावांत चार झाडं ओळखली जातात. त्याचा कोणता भाग, पान की खोड. मात्रा किती. सारखेच रुग्ण घेऊन, जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट, म्हणजे धडधाकट एकीकडे आणि खंगलेले दुसरीकडे असं होत नाही. आणि फायद्याबरोबर त्रासाचीही नोंद. हे का लागतं ते आमच्याच गटात दिसलं. 'पानांनी माझी शुगर उतरली' असं छातीठोक सांगणारी आमची मैत्रीण खोटं बोलत नव्हती. तिची साखर खरंच उतरली होती. पण पानं सुरू केली त्याच महिन्यात तिनं रोज सकाळी मंदिरापर्यंत चालत जायला सुरुवात केली होती आणि चहातली साखर सोडली होती. शिवाय गोळ्या चालूच होत्या! मग श्रेय कुणाचं? पानाचं, पायांचं, की गोळीचं?

उलटंही होतं. गुडमार, म्हणजे मधुनाशिनीचं पान चावलं की थोडा वेळ साखर जिभेला मातीसारखी लागते, हे कुणीही करून पाहू शकतं. त्यावर मद्रासमध्ये चाचण्या झाल्या. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ रुग्णांना गोळ्यांबरोबर या पानाचा अर्क दीड वर्षाहून जास्त दिला, त्यातल्या पाच जणांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवता आल्या. आशा वाटावी असं आहे. पण २२ माणसं म्हणजे एक छोटा वाफाच. आणि पान जर खरंच साखर उतरवत असेल, तर गोळीबरोबर घेतल्यावर साखर फार खाली जायची भीती असते. घाम फुटणं, हात थरथरणं, चक्कर, बेशुद्धी. म्हणजे पान चाललं तरी डॉक्टरांना सांगायला हवं, आणि नाही चाललं तर त्याहून जास्त सांगायला हवं.

पण सांगायचं कुणाला? इथं मला डॉक्टरांशीही थोडं भांडायचं आहे. जाऊबाईंनी पानांची गोष्ट लपवली, कारण पूर्वी एकदा एका दवाखान्यात त्यांनी मेथीचं पाणी घेते म्हणून सांगितलं होतं. "काय हा अडाणीपणा!" असं चार माणसांत ऐकून घ्यावं लागलं. त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. डॉक्टरसाहेब, तुमच्या त्या एका वाक्याची किंमत पुढे एका बोटानं मोजली गेली. केसपेपरवर तंबाखूचा प्रश्न असतो, तसा 'घरचं काय घेता?' हाही असावा. आणि उत्तर आल्यावर कपाळाला आठी नसावी. शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांनीही 'आधी काय गोळ्या चालू आहेत' हे विचारूनच औषध द्यावं. दोन्ही चिठ्ठ्या एकमेकांना दाखवायचं काम सध्या पेशंटच करतो, तेही घाबरत घाबरत.

आणि सरकारकडे एवढंच मागणं आहे, की ज्या पानांवर खेड्यापाड्यातल्या बायका आधीच भरवसा ठेवून बसल्यात, त्यांच्या चाचण्या आधी करा. निकाल काहीही येवो, मराठीत छापा. 'नापास' आला तरी छापा.

तोपर्यंत आपण काय करायचं? आमच्या गटानं चार गोष्टी ठरवल्या आहेत. एक, कुठलंही पान, चूर्ण, काढा सुरू केला म्हणून चालू गोळी स्वतःहून बंद करायची नाही. गोळी कमी झाली तर ती तपासणी पाहून डॉक्टरच करतील. दोन, काही घ्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, वहीत तारीख घालायची आणि साखर तपासत राहायची. 'बरं वाटतंय' हा पुरावा नाही, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी हा पुरावा. डोळे-अंग पिवळं झालं, लघवी गडद झाली, अन्न नकोसं झालं तर त्याच दिवशी ते बंद करून दवाखाना गाठायचा. तीन, शुगर असलेल्या प्रत्येकीनं रोज रात्री पाय तपासायचे, तळव्याला आरसा धरायचा किंवा नातवाला बघायला सांगायचं. चार, आठवडे बाजारात 'शुगर मुळापासून बरी' असा बोर्ड लावून बसलेल्याकडून काही घ्यायचं नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. आणि कुणी 'आम्ही औषधाची चाचणी करतोय' म्हणून गावात आलं, तर आपल्या भाषेतलं संमतीपत्र मागायचं, घरी नेऊन वाचायचं, आणि नको वाटलं तर मधेच बाहेर पडायचा हक्क आपल्याला असतो हे विसरायचं नाही.

जाऊबाई आता बऱ्या आहेत. गोळ्या वेळेवर घेतात, मऊ तळाची चप्पल घालतात. शेतात जाताना बूट घालायचा म्हटलं की लाजतात, पण घालतात. मी कितीदा तरी त्यांची माफी मागितली. परवा त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "अगं, तू झाड दिलंस ते मायेनंच दिलंस. पण मायेनं दिलेलं पण विचारून खायला पाहिजे, हे मला कुठं कळत होतं?"

मी विचारलं, "मग ती कुंडी काय करायची? टाकून देऊ?"

"छे गं, राहू दे," त्या म्हणाल्या. "फूल छान येतं त्याला."